थवा उडतो त्याच्या आधी

सातेरी माशी पेटीत राहते ती स्वतःच्या मर्जीने. पेटीचं दार रात्रंदिवस उघडं असतं आणि बाहेर सगळा सह्याद्री तिच्यासाठी मोकळा असतो. झाडाची ढोली, दगडाची कपार, पडक्या घराच्या भिंतीतली पोकळी, यांतलं काहीही तिला चालतं. जावळीच्या खोऱ्यात मधपेट्या सांभाळायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. या वर्षांनी जे शिकवलं त्यातलं सगळ्यात मोलाचं थव्यांनी शिकवलं. भरभराटीला आलेली वसाहत एके दिवशी फुटते, जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून जास्त माश्या घेऊन बाहेर पडते, आणि नव्यानेच पेट्या घेतलेल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो. दर वर्षी माघ-फाल्गुनात मला कुणाचा तरी फोन येतो, “ताई, माश्या चालल्या!” त्या आवाजातली घालमेल मला पुरती ओळखीची आहे.

मी या कामात आले ती महाबळेश्वरच्या मध संचालनालयातल्या प्रशिक्षणातून. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेत निम्म्या अनुदानावर पेट्या मिळत होत्या. घरची शेती पावसाळी भाताची आणि नाचणीची, हिवाळ्यानंतर हाताला काम नाही. माझ्या गावासारख्या उताराच्या गावात पाणी टिकत नाही, पण जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी आणि काही वर्षांनी एकदाच बहरणारी कारवी भरपूर. म्हणजे फुलं आमच्या मालकीची नसली तरी आमच्या दारात होती. परसात फणसाच्या सावलीला घोड्यांवर पेट्या मांडल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून घोड्यांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले. सासूबाईंना सुरुवातीला ते पसंत नव्हतं. “लेकरंबाळं खेळतात तिथं हे कशाला?” असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच रोज सकाळी पेटीच्या दाराशी बसून पिवळा पराग किती आला ते मला सांगू लागल्या.

प्रशिक्षणात राणी, कामकरी आणि नर यांची ओळख झाली, फ्रेम कशी उचलायची, धुराडं कसं पेटतं ठेवायचं, मधयंत्र कसं फिरवायचं, हे हाताला शिकवलं गेलं. थवा सुटण्याचा धडाही होता. पण धडा ऐकणं आणि आपल्या परसातली पेटी वाचता येणं यांत फार अंतर असतं. ते अंतर पार करायला मला मदत केली ती गावातल्या एका जुन्या मधपाळांनी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी आयुष्यभर रानातल्या ढोल्यांतून वसाहती काढून पेटीत आणल्या होत्या आणि बोलायचे कमी.

पहिल्या वर्षी माघ लागताना ते एका दुपारी आले, पेटीचं झाकण न उघडताच दाराशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “सूनबाई, हितं नर लई झाल्यात.” मी पाहिलं. कामकरी माश्यांच्या गर्दीत काळसर, जाडसर, मोठ्या डोळ्यांच्या माश्या जड आवाज करत बाहेर पडत होत्या. मग आम्ही पेटी उघडली. पोळ्याच्या खालच्या भागात नरांच्या घरांची झाकणं उंच, टोकदार दिसत होती, आणि प्रत्येक झाकणाच्या मधोमध टाचणीने टोचावं तसं एक बारीक भोक होतं. सातेरीची ही खूण आहे. कामकरीच्या घरांची झाकणं सपाट असतात, त्यांना भोक नसतं. आबांनी तेवढंच दाखवलं आणि सांगितलं, “आता दर आठ दिसांनी बघायचं.”

पुढच्या वेळी पाहिलं तेव्हा पोळ्याच्या खालच्या कडेला मेणाच्या छोट्या वाट्या तयार झाल्या होत्या, तोंड खाली असलेल्या. त्यांतल्या काहींत अंडं होतं. ही राणीघरं. आता मला माहीत आहे की त्या वाटीत अंडं पडतं तेव्हा वसाहतीचा विचार पक्का होत आलेला असतो. अंडं तीन दिवस, मग अळी, आणि आठव्या-नवव्या दिवशी राणीघर मेणाने बंद होतं. त्या सुमारास जुनी राणी थवा घेऊन निघते. नवी राणी पंधराव्या-सोळाव्या दिवशी घर कापून बाहेर येते. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला आकाशात माश्या दिसतात, त्या दिवशी काहीच ठरत नसतं. नर वाढवायला सुरुवात झाली ती त्याच्याही कितीतरी आधी. पिल्लांची कोठी गच्च भरली, तरुण माश्यांना काम उरलं नाही, राणीच्या अंगाचा गंध एवढ्या गर्दीत सगळ्यांपर्यंत पोचेनासा झाला, आणि वसाहत आपोआप त्या दिशेला वळली. कामकरी माश्या राणीला खाऊ घालणं कमी करतात, तिची अंडी कमी होतात, पोट हलकं होतं. एरवी पेटीतल्या पेटीत चालणारी राणी उडण्याजोगी होते.

आबांनी त्या वर्षी मला एक गोष्ट करून दाखवली, ती मी आजही नव्या लोकांना करायला सांगते. एका पेटीतली राणीघरं आम्ही मोडली. दुसरी पेटी त्यांनी मुद्दाम तशीच ठेवायला लावली. “हिला हिच्या मनाप्रमानं करू दे. तू नुसती बघ.” मोडलेल्या पेटीत आठवड्याच्या आत पुन्हा राणीघरं उभी राहिली, या वेळी कोपऱ्यात, फ्रेमच्या लाकडाला चिकटून, पटकन दिसणार नाहीत अशी. आम्ही ती पुन्हा मोडली, त्यांनी पुन्हा बांधली. गर्दी तीच, बहराचा काळ तोच, राणी तीच. कारण जागच्या जागी होतं, म्हणून परिणामही होणारच होता. राणीघरं मोडल्याने चार दिवस मिळतात, आणि त्या चार दिवसांत जागा वाढवली, पोळी वाटून दिली, तरच त्या चार दिवसांना अर्थ असतो.

तशीच ठेवलेली पेटी दोन दिवसांच्या ढगाळ हवेनंतर उघडीप पडली त्या दिवशी फुटली. ऊन चढलं होतं, साधारण अकराची वेळ. आधी पेटीचा आवाज बदलला. रोजची संथ घुमघुम चढत गेली. मग दारातून माश्या वाहू लागल्या, अक्षरशः एकीवर एक, आणि परसाच्या वर त्यांचं मोठं फिरतं वर्तुळ तयार झालं. शेजारच्या बायका पोरांना घेऊन घरात पळाल्या. कुणी माती उधळली, कुणी पाणी फेकलं. मी फणसाला टेकून उभी होते. माश्या तोंडासमोरून, केसांजवळून जात होत्या आणि एकही चावली नाही. थव्यातली माशी निघण्याआधी पोटभर मध पिऊन घेते, आणि त्या घडीला तिला राखायला ना पिल्लं असतात ना मधाचा साठा. म्हणून ती सहसा शांत असते. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण अंगाभोवती हजारो माश्या फिरत असताना स्वतःच्या कातडीवर ते अनुभवणं फार वेगळं होतं. त्या दिवसापासून माझी भीती गेली, आणि भीती गेल्यावरच मला नीट दिसायला लागलं.

थोड्या वेळाने वर्तुळ आवळत गेलं आणि फणसाच्या आडव्या फांदीला माश्यांचा झुबका लटकला. आबांनी घाई केली नाही. आधी फांदीवर हाताने पाण्याचा बारीक शिडकावा केला, म्हणजे माश्या घट्ट बसतात आणि लगेच उडत नाहीत. दुसरी रिकामी पेटी आतून गवती चहाच्या पातीने चोळली. आणि मग जुन्या पेटीतली एक फ्रेम, जिच्यात अंडी आणि उघड्या अळ्या होत्या, राणीघर मात्र नव्हतं, ती माश्या झटकून रिकाम्या पेटीत ठेवली. “घरात लेकरू असल्यावर बाई घर सोडत न्हाय,” एवढंच ते बोलले. फांदीखाली पेटी धरून एक झटका दिला. झुबका आत पडला, निम्म्या माश्या पुन्हा उडाल्या. आम्ही थांबलो. काही वेळाने पेटीच्या दाराशी माश्यांची रांग दिसली. पोट वर उचलून, डोकं खाली करून त्या जोरात पंख मारत होत्या. राणी आत असल्याची ती खूण. त्या माश्यांच्या पोटाच्या टोकाजवळ गंधाची ग्रंथी असते, आणि पंखांनी तो गंध पसरवून त्या बाहेरच्यांना बोलावतात. अर्ध्या-पाऊण तासात फांदी रिकामी झाली. संध्याकाळी पेटी जागेवर नेली आणि दाराला राणी अडवणारी जाळी लावली. कामकरी तिच्यातून ये-जा करते, राणी अडते. अंडी दिसेपर्यंत, म्हणजे काही दिवस ती ठेवायची आणि मग काढायची. कायमची ठेवली तर नरही अडकतात आणि दारात मेलेल्या नरांचा खच पडतो.

तो थवा राहिला. पुढच्या एका हंगामातला राहिला नाही. तेव्हा माझ्याकडे द्यायला पिल्लांची फ्रेम नव्हती, दुसरी वसाहत अशक्त होती आणि तिच्यातलं काढून घ्यावंसं वाटलं नाही. थवा पेटीत उतरला, रात्रभर राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघून गेला. आदल्या दिवशी मी त्याच्यापाशी बसून राहिले होते, म्हणून मला एक गोष्ट पाहायला मिळाली. पेटीत पडायच्या आधी, फांदीवर असताना, त्या झुबक्याच्या बाहेरच्या थरावर काही माश्या नाचत होत्या. सरळ रेषेत पोट हलवत जायचं, वळायचं, पुन्हा तीच रेष. फुलांची वाट सांगणारा हा नाच मला माहीत होता. पण थव्यावर कसली फुलं?

याचं उत्तर मला पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत एका वर्गात मिळालं. मार्टिन लिंडाउर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ साली म्युनिक शहरात झुडपावर बसलेल्या थव्याकडे पाहिलं, तेव्हा नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी आणि विटांची धूळ होती. युद्धात बाँब पडून मोडलेल्या शहरातल्या धुराड्यांत आणि भिंतींच्या भेगांत त्या घर शोधत फिरून आल्या होत्या. पुढे अमेरिकेतल्या टॉमस सीली यांनी हाच अभ्यास कित्येक वर्षं चालवला. शोधक माश्या वेगवेगळ्या जागा पाहून येतात, ज्या माशीला जागा जास्त चांगली वाटते ती जास्त वेळ नाचते, तिचं पाहून दुसऱ्या तिथे जाऊन स्वतः खात्री करतात, आणि एका जागेवर पुरेशा शोधक माश्या जमल्या की थवा उठतो. राणी यात काहीच ठरवत नाही. निर्णय घेतात त्या वयस्क कामकरी माश्या, ज्यांनी आजूबाजूचं रान पाहिलेलं असतं. हे ऐकल्यावर माझा तो निघून गेलेला थवा मला उलगडला. मी त्यांना पेटी दिली तोवर त्यांनी दुसरं घर ठरवलं होतं. त्यांना थांबवायला पेटी पुरेशी नव्हती, पिल्लं लागली असती.

ते वर्ष कठीण गेलं हे खरं. सातेरीच्या चांगल्या पेटीतून वर्षाला पाच ते दहा किलो मध मिळतो, आणि आमच्याकडे त्यातला मोठा हिस्सा उन्हाळ्याच्या तोंडाला जांभळाचा असतो. बहराच्या नेमकं आधी वसाहत फुटली तर उडालेली बाजूही लहान आणि मागे राहिलेली बाजूही लहान. वरची मधाची कोठी रिकामी राहते. मधाच्या पैशावर मुलांच्या शाळेची सोय धरलेली असेल तर माश्यांच्या या निर्णयाची किंमत घराला मोजावी लागते. माश्यांवर प्रेम असणाऱ्यांनीही हे स्पष्ट बोलावं असं मला वाटतं. नुसत्या कौतुकावर पेटी टिकत नाही. मधपाळाला वसाहतही टिकवायची असते आणि चूलही चालवायची असते.

थवा गेल्यावर सगळे त्याच्या मागे धावतात आणि मागे राहिलेली पेटी विसरतात. खरी काळजी तिची घ्यायची असते. तिच्यात बंद राणीघरं अनेक असतात. पहिली नवी राणी बाहेर येते आणि पेटीत माश्या अजून भरपूर असतील तर तीही एक छोटा थवा घेऊन जाते, मग तिसरी. असं होत होत मूठभर माश्या उरतात. म्हणून थवा गेल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक मोठं, सरळ, नीट बांधलेलं राणीघर ठेवून बाकीची काढावी लागतात. नवी राणी बाहेर आली की रात्री पेटीला कान लावल्यावर तिचा बारीक, ताणलेला आवाज ऐकू येतो. पण तिची खरी परीक्षा पुढेच असते. आठवडाभरात तिला नरांशी मीलनासाठी बाहेर उडावं लागतं, आणि आमच्या भागात विजेच्या तारांवर वेडे राघू टपून बसलेले असतात.

माझी एक पेटी अशी राणीविना राहिली. नवी राणी उडाली ती परत आली नाही. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं, माश्या ये-जा करत होत्या. आत मात्र एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी होती, काही तळाला, काही भिंतीला चिकटलेली. राणी नसली की सातेरीच्या कामकरी माश्या फार लवकर स्वतः अंडी घालायला लागतात. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि वसाहत हळूहळू संपते. ती पेटी मी एका जोमदार पेटीला जोडली, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून, त्याला टाचणीने भोकं पाडून. दोन दिवसांत माश्यांनी कागद कुरतडला, दोन्हीकडचे गंध एक झाले आणि भांडण झालं नाही. तेव्हापासून थवा गेलेल्या पेटीत पंधरा-वीस दिवसांनी अंडी पाहणं हे मी थवा पकडण्याइतकंच महत्त्वाचं मानते.

हळूहळू मी थवा सुटायची वाट पाहणं सोडून दिलं. पोळ्याच्या कडेला अंडं असलेलं राणीघर दिसलं की वसाहत मी स्वतः वाटते. जुनी राणी, पिल्लांच्या काही फ्रेम, मध-परागाची एक फ्रेम आणि त्यांवरच्या माश्या नव्या पेटीत. जुन्या पेटीत राणीघराची फ्रेम आणि बाकीचं. मग पेटीची जी मूळ जागा असेल तिच्या दोन बाजूंना, सारख्या अंतरावर दोन्ही पेट्या ठेवायच्या. रानातून परतणाऱ्या माश्या जुन्या जागेवर येतात, घुटमळतात आणि दोन्हीकडे विभागल्या जातात. एकीकडे गर्दी जास्त दिसली तर ती पेटी थोडी दूर सरकवायची. वसाहतीला जे करायचं होतं तेच होतं, फक्त रानाऐवजी परसात. जिला फुटायचं नाही पण जागा कमी पडते आहे, तिच्यावर मधाची कोठी बहराच्या जरा आधीच चढवते. बहर भरात आल्यावर चढवून उपयोग नसतो. या दोन सवयींनी माझ्या पेट्या वाढल्या, आणि मधाबरोबर वसाहती देणं हाही घरचा एक आधार झाला.

आणखी एक फरक डोळ्यांना सवयीचा व्हावा लागतो. माश्या भरभराटीत असताना फुटतात, तसं अडचणीत असताना घर सोडूनही जातात. दोन्हीला लोक “माश्या गेल्या” असंच म्हणतात. थवा गेलेल्या पेटीत मागे पिल्लं, मध, राणीघरं आणि निम्म्या माश्या असतात. घर सोडून गेलेल्या पेटीत रिकामी पोळी असतात, बहुतेक वेळा मेणकिड्याची जाळी आणि मुंग्यांची रांग. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात माशीला बाहेर पडता येत नाही, पेटीतला मध संपतो, तेव्हा साखरेचा पाक दिला नाही आणि छतातून गळणारं पाणी थांबवलं नाही तर ती जाणारच. रोगही असतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती संपल्या. पिल्लं घरातच पाण्याच्या पिशवीगत होऊन मरतात. म्हणून कुठूनतरी आलेला अनोळखी थवा मी थेट बाकीच्या पेट्यांजवळ ठेवत नाही. आधी लांब ठेवते, पहिली पिल्लं निरोगी दिसली की मगच जवळ आणते.

माझ्या कामाला वळण देणारा एक प्रसंग सांगते. जवळच्या एका गावच्या शाळेतून फोन आला, बकुळीच्या झाडावर मोहोळ बसलंय म्हणून. पोचले तेव्हा मुलांना वर्गांत कोंडलं होतं आणि दोघे जण काठीला चिंध्या गुंडाळून, रॉकेल ओतून तयार होते. मी त्यांना झाडाखाली घेऊन गेले. झुबका सातेरीचा होता, आत पोळं नव्हतं. पोळं नाही म्हणजे तो मुक्कामाचा थवा, तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत स्वतःच जाणारा. आग्या माशीचं प्रकरण निराळं. ती आकाराने मोठी, उंच कड्यावर किंवा फांदीला एकच भलंमोठं उघडं पोळं बांधणारी, आणि तिच्या वाटेला अनुभवी माणसाशिवाय कुणी जाऊ नये हेही सांगितलं. संध्याकाळी मी थवा पेटीत घेतला. मुख्याध्यापकांनी वर्गांचे दरवाजे उघडले, मुलं लांबून रांगेत उभी राहून पाहत होती, आणि त्यांचे प्रश्न थांबेनात. राणी कुठंय? ती हुकूम देते का? त्यांना घर कोण सांगतं? त्या दिवसानंतर मी माझ्या कामात शाळांना जाणं धरलं. जळालेला थवा म्हणजे एक पूर्ण वसाहत, एक चालू राणी, पंचक्रोशीतल्या कितीतरी झाडांची आणि वेलींची फळधारणा. चार वाक्यं वेळेवर कानावर पडली तर माणसं टेंभा खाली ठेवतात, हे मी पाहिलं आहे.

मांघर गाव २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आमच्या भागाला त्याचा आनंद झाला आणि नव्या पेट्या घेणारेही वाढले. माझ्याकडे आता बहुतेक बायका येतात, काहींच्या हातात नवीकोरी पेटी आणि मनात थव्याची धास्ती. त्यांना मी सांगते की आपल्या पेटीतल्या राण्या रानातल्या नरांशी जुळतात. रानात ढोलीत राहणाऱ्या वसाहती जोमदार असतील तरच आपल्या पेट्यांचं रक्त ताजं राहतं. म्हणून उंच झाडावर गेलेला एखादा थवा मी आता जाऊ देते, जिवावर उदार होऊन शेंड्यापर्यंत चढत नाही आणि कुणाला चढूही देत नाही. ढोलीत गेलेली वसाहत वाया जात नाही. तिचे नर पुढच्या माघात आपल्या राण्यांना भेटतात.

बाकी सांगायचं ते सगळं आधीच्या दिवसांबद्दल आहे. पेटी उघडल्यावर मध किती भरला हे बघायच्या आधी पोळ्याची खालची कड बघा. नरांची भोकाची झाकणं दिसली की पंचांगावर खूण करा आणि दर आठवड्याला बघायला लागा. राणी सापडली नाही तरी चालेल, अंडी दिसली की ती आहे. वाटीत अंडं दिसलं तर त्याच दिवशी ठरवा की वाटायचं, जागा द्यायची, की जाऊ द्यायचं. तिन्ही निर्णय बरोबर असू शकतात. न बघितल्यामुळे झालेला निर्णय मात्र आपला नसतो. आणि पौष संपायच्या आत एक रिकामी पेटी घासूनपुसून, वास जाऊन, सावलीत तयार ठेवा. वसाहत चांगली सांभाळली असेल तर तिची गरज पडणारच आहे.